नडगी, गुरुवारचा उपवास आणि शेवटचे ५ किलोमीटर : एका प्रकरणाचा अभ्यास

वय ३९. राहणार कोथरूड, नोकरी हिंजवडीला आयटीत. एक मुलगा, शाळेत जाणारा. तक्रार : डाव्या नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या पाच-सहा बोटं वर, दसऱ्यापासून दुखतंय. आधी फक्त पळताना दुखायचं, मग जिना उतरताना, आता रात्री कूस बदलतानाही. एक्सरे काढून झालाय, त्यात काही नाही. अपेक्षा : फेब्रुवारीतल्या ट्रायथलॉनला (पोहणं, सायकल आणि पळणं, अशी सलग शर्यत) उतरायचंच आहे.

दिवाळी संपता संपता त्या माझ्याकडे आल्या. मी खेळाडूंची फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणारे बहुतेक जण हौशी आहेत. पहाटे टेकडी, दिवसभर ऑफिस, रविवारी सायकल असं ज्यांचं आयुष्य आहे ते. नडगीचं दुखणं घेऊन येणारे तर कायमच असतात. तरीही हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं, कारण यात हाड बरं करणं हा सोपा भाग होता. ते हाड मुळात का हरलं, हे शोधलं नसतं तर ताई सहा महिन्यांत परत त्याच खुर्चीत बसलेल्या दिसल्या असत्या. लिहिण्याआधी त्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पहिल्या दिवसापासून मी त्यांना ताई म्हणते, इथेही तेच ठेवते.

तपासणी

पार्श्वभूमी थोडक्यात. पाच वर्षांपूर्वी ताईंनी पळायला सुरुवात केली. पोहायला त्या पस्तिशीत शिकल्या, महापालिकेच्या तलावावर, लहान मुलांच्या बॅचशेजारी उभं राहून. पहिली स्प्रिंट ट्रायथलॉन त्यांनी पावणेदोन तासांत पुरी केली होती. ट्रायथलॉन म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर आयर्नमॅन, म्हणजे दिवसभर चालणारी फार लांब शर्यत येते, त्यामुळे सांगते : स्प्रिंट म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर पळणं. ऑलिम्पिकमध्ये २००० सालच्या सिडनीपासून जी वैयक्तिक शर्यत होते, तिच्या बरोबर निम्मं. नोकरी करणाऱ्या माणसाला झेपेल असं हे अंतर आहे. पुण्यात तर तलाव, सायकलला एनडीए रस्ता किंवा पाषाण-सूस आणि पळायला टेकडी, हे सगळं घरापासून अर्ध्या तासात असतं.

ताईंना टेबलावर बसवून मी नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा खालून वर सावकाश दाबत नेला. घोट्याजवळ काही नाही. जरा वर, तरी काही नाही. मग एका जागी त्यांचा पाय झटक्यात मागे गेला. रुपयाच्या नाण्याएवढी ती जागा होती. तिच्या वर-खाली दोन बोटं सोडून दाबलं, तर दुखत नव्हतं. मग त्यांना उभं केलं आणि डाव्या एका पायावर उडी मारायला सांगितली. एक उडी मारली आणि त्यांनी टेबल धरलं.

एवढ्यावर निदान बरंचसं झालं होतं. नडगी दुखली की धावणाऱ्यांच्या तोंडी लगेच ‘शिन स्प्लिंट’ येतं. ताईंनाही एका ठिकाणी तेच सांगितलं होतं : आठवडाभर बर्फ, विश्रांती, मग हळूहळू सुरू करा. पण शिन स्प्लिंटचं दुखणं हाडाच्या कडेने लांबवर पसरलेलं असतं, साधारण पाच सेंटिमीटर किंवा जास्त. दुखणारी जागा एका बोटाने दाखवता येत असेल, एका पायावरची उडी जमत नसेल आणि रात्री ठणकत असेल, तर ते स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे पुन्हा पुन्हा पडणाऱ्या भाराने हाडाला झालेली इजा, नाही हे आधी सिद्ध करावं लागतं. एक्सरे स्वच्छ आहे म्हणून निश्चिंत व्हायचं कारण नाही, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तो बऱ्याचदा स्वच्छच येतो. मी त्यांना ऑर्थोपेडिक सर्जनकडे पाठवलं आणि त्यांनी एमआरआय केला. एमआरआयवरून हाडाची इजा मोजायच्या फ्रेडरिकसन पद्धतीत चारपैकी तिसरी पायरी निघाली : हाडाच्या आत, मज्जेत स्पष्ट सूज, पण भेगेची रेघ अजून नाही.

जागा नडगीच्या आतल्या-मागच्या कडेची होती, हे नशीब. तिथलं हाड धावताना दाबलं जातं आणि विश्रांती मिळाली की सहसा नीट भरून येतं. तेच दुखणं नडगीच्या पुढच्या कडेला असतं, तर आमचं बोलणं फार वेगळ्या सुरात झालं असतं. ती कडा ताणली जाते, तिथली भेग महिनोन्‌महिने रेंगाळते आणि कधी कधी हाडात रॉड घालावा लागतो. नडगीचं दुखणं अंगावर काढणाऱ्या प्रत्येकाला हा फरक माहीत असायला हवा.

पळणं किती वाढलं?

हाड हे सतत पाडकाम आणि बांधकाम चाललेल्या घरासारखं असतं. भार वाढला की जुना, थकलेला भाग आधी खोदून काढला जातो आणि मग नवीन भरला जातो. खोदायला साधारण तीन आठवडे लागतात, भरून पक्कं व्हायला तीन महिने किंवा जास्त. म्हणजे भार वाढवल्यावर काही आठवडे हाड आधीपेक्षा कच्चं असतं. आणि नेमकं त्याच काळात माणसाला सगळ्यात छान वाटत असतं, कारण दम आणि स्नायू कितीतरी लवकर सुधारतात. घड्याळ सांगतं की तुम्ही फिट झालात, हाडाचं काम मात्र अर्ध्यावर असतं.

ताईंचं घड्याळ उघडून आम्ही पावसाळ्यापासूनचे आकडे पाहिले. जून ते ऑगस्ट सायकल घरात ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायचा स्टँड), पळणं आठवड्याला १८ ते २० किलोमीटर. गणपतीनंतर नवा ग्रुप लागला. पाच आठवड्यांत पळणं ४० किलोमीटरवर गेलं, त्यात वेताळ टेकडीचे उतार आणि दर गुरुवारी ट्रॅकवर इंटरव्हल, म्हणजे मध्ये थांबत थांबत वेगाने पळायचे तुकडे.

ही वाढ फार होती, यात शंका नाही. पण त्या ग्रुपमध्ये आणखी दहा-बारा जणांनी हेच केलं होतं आणि त्यांच्या नडग्या शाबूत होत्या. ताईंना वाटत होतं की काँक्रीटचा रस्ता नडला. रस्त्याला दोष देणं सोपं असतं आणि पुण्यात तर सगळ्याच गोष्टींसाठी तो दिला जातो. माझ्या मते रस्त्यापेक्षा वाढीचा वेग जास्त नडतो आणि त्याहूनही जास्त नडतं ते त्या वेळी शरीरात काय शिल्लक आहे. म्हणून पुढचे प्रश्न मी जेवणाचे आणि पाळीचे विचारले.

ताटातला हिशोब

“पाळी? ती आता होतच आलीय बंद, मॅडम. वय झालं.”

वय ३९. शेवटची पाळी जूनमध्ये. त्याआधी वर्षभर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी. गोळ्या कुठल्या चालू नाहीत. ताईंना यात काही वावगं वाटलं नव्हतं, उलट सुटका वाटली होती. त्यांना पोहायला शिकवणाऱ्या, पळवणाऱ्या, सायकल फिट करून देणाऱ्या कुणीच हा प्रश्न कधी विचारला नव्हता. मला याचं फार वाईट वाटतं. खेळणाऱ्या बाईची पाळी तीन महिने आली नाही, तर त्याची दखल गुडघ्याच्या सुजेइतक्याच गांभीर्याने घ्यायला हवी. आपल्याकडे मात्र ती बाब क्लबमध्ये निघतच नाही.

मग आठवडाभराचं खाणं लिहून आणायला सांगितलं. पहाटे पावणेपाचला कोरा चहा, बिनसाखरेचा. साडेआठला वाटीभर पोहे किंवा ओट्स. डब्यात दोन फुलके कोरडे, भाजी, कोशिंबीर. भात बंद, तूप बंद. संध्याकाळी चहा आणि खाकरा. रात्री सूप, सॅलड, कधी मुगाची धिरडी. गुरुवारी उपवास, एकदाच साबुदाण्याची खिचडी. संकष्टीला उपवास. नवरात्रात नऊ दिवस कडक.

गुरुवार ऐकल्यावर मी वही मागे उलटली. आठवड्यातला सगळ्यात जड सराव, ट्रॅकवरचे इंटरव्हल, गुरुवारी पहाटे. त्याच दिवशी उपवास. आणि नवरात्राच्या नऊ दिवसांत १२ किलोमीटरचा एक लांब रन आणि दोन ब्रिक, म्हणजे सायकलवरून उतरून लगेच पळायचा सराव. दुखणं सुरू झालं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी.

आहारतज्ज्ञांनी हिशोब मांडला, तो इथे देते, कारण तो कुणालाही घरी मांडता येतो. वजन ५२ किलो, त्यात चरबी सोडून उरलेलं वजन साधारण ४१ किलो. रोजचं खाणं अंदाजे १,६५० किलोकॅलरी. सरावात खर्च सरासरी ५५०. उरतात १,१००. त्याला ४१ ने भागा : दर किलोमागे जेमतेम २७. श्वास, हृदय, हार्मोन, हाडांची डागडुजी, हे सगळं या उरलेल्यातून चालायचं असतं. निरोगी, खेळत्या बाईला इथे ४५ च्या आसपास लागतात, ३० च्या खाली दीर्घकाळ राहिलं की गडबड सुरू होण्याची शक्यता बरीच वाढते. ३० ही काही दगडावरची रेघ नाही, कुणाचं शरीर आधी बिघडतं, कुणाचं नंतर. पण गुरुवारचा आकडा १५ च्या आत येत होता.

ऊर्जा कमी पडली की शरीर काटकसर करतं आणि आजच्या दिवसाला जे लागत नाही ते आधी थांबवतं. मेंदूतून बीजकोशांना जाणारे संदेश मंदावतात, इस्ट्रोजेन उतरतं, पाळी लांबते आणि थांबते. इस्ट्रोजेन हे हाडाच्या खोदकामावरचा लगाम असतं. लगाम सुटला की खोदणं चालू राहतं आणि भरणं मागे पडतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या सगळ्या स्थितीला ‘रेड-एस’ हे नाव दिलं, म्हणजे खेळाच्या मानाने ऊर्जेची तूट, आणि ती पुरुषांनाही होते हे तेव्हाच स्पष्ट केलं. ऑलिम्पिकच्या खेळाडूंपुरता हा विषय आहे असं मात्र कुणी समजू नये. ज्यांना आहारतज्ज्ञ नाही, सरावानंतर झोप नाही, घरचं-ऑफिसचं सांभाळून जे खेळतात, त्यांच्यात ही तूट लपायला जागा जास्त असते. ताईंचं वजन कमी झालं तेव्हा सगळ्यांनी त्यांचं कौतुकच केलं होतं.

रक्ताच्या तपासण्यांत ड जीवनसत्त्व १४ निघालं, २० च्या खाली म्हणजे कमतरता. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, ११, तोही कमीच. ड जीवनसत्त्वाचं कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. सराव सूर्योदयाच्या आधी, दिवस ऑफिसच्या काचेत आणि जाता-येता दुचाकीवर तोंडाला स्कार्फ, खांद्यापर्यंत हातमोजे, वर सनकोट. उन्हाच्या शहरात राहून अंगाला ऊन लागत नव्हतं. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन ठीक होते. स्त्रीरोगतज्ज्ञांनी गर्भधारणा आणि पाळी थांबण्याची बाकीची कारणं तपासून बाजूला केली. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा चाचणीत कमरेच्या मणक्यांचा झेड-स्कोअर, म्हणजे त्याच वयाच्या बायकांच्या सरासरीशी तुलना, उणे १.३ आला. घरात बसणाऱ्या बाईसाठी यावर फारसं कुणी बोललं नसतं, पण रोज पळणाऱ्या बाईचं हाड सरासरीपेक्षा मजबूत असायला हवं. त्या हिशोबाने हे कमीच.

फेब्रुवारी सोडून देणं

“मॅडम, पैसे भरलेत. हॉटेलही बुक केलंय.”

मी सगळे कागद टेबलावर मांडले आणि एकेक करून सांगितलं. ताई शांतपणे ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एकच विचारलं, “म्हणजे हे मी स्वतःच करून घेतलं का?” मी नाही म्हणाले आणि आजही नाहीच म्हणेन. जे त्यांना शिस्त म्हणून शिकवलं गेलं, कमी खा, जास्त पळा, ते त्यांनी इतरांपेक्षा जास्त मन लावून केलं, एवढंच. त्या दिवशी ठरलं की तारीख ठरवायची नाही. आधी निकष ठरवायचे, ते पुरे झाले की शर्यत शोधायची.

पहिले तीन आठवडे पायात वॉकिंग बूट, म्हणजे नडगी-घोटा धरून ठेवणारा कडक बूट. चालताना दुखत होतं, त्यामुळे यात दुमत नव्हतं. पोहणं पहिल्या आठवड्यापासून चालू ठेवलं, पण मांड्यांमध्ये पुल बॉय (पाय तरंगते ठेवणारा फोमचा ठोकळा) धरून, पाय न मारता. भिंतीला लाथ मारून वळण घ्यायचं नाही, हे मात्र बजावून सांगावं लागलं. पन्नास मीटरच्या तलावात ७५० मीटर पोहताना चौदा वेळा भिंत येते, आणि तेवढ्या वेळा दुखऱ्या पायाने ढकललं तर बूट घालून काय उपयोग? ताई उजव्या पायाने भिंत सोडायला शिकल्या. पुढे त्यांची पोहण्याची वेळ सुधारली, त्यात या हातांच्या सरावाचा मोठा वाटा आहे.

बूट निघाल्यावर सायकल, ट्रेनरवर, हलका गिअर, खोगिरावर बसूनच. खोल पाण्यात पट्टा बांधून पळणंही दिलं. कंटाळवाणं काम आहे ते, पण ताईंनी ते नेटाने केलं.

व्यायामशाळेत आमचं सगळं लक्ष पोटरीवर होतं, त्यातही आतल्या सोलियस स्नायूवर. पाऊल पडतं तेव्हा नडगीचं हाड किंचित वाकतं आणि पोटरी ते वाकणं रोखून धरते. पोटरी थकली की तो भार हाडावर येतो. ट्रायथलॉनमध्ये तर पळणं सुरू होतं तेच थकलेल्या पायांनी. डिसेंबरमध्ये एका पायावर टाच उचलण्याची मोजणी केली : उजवा २४, डावा ११. बसून, गुडघ्यावर वजन ठेवून टाचा उचलणं, उभ्याने उचलणं, स्क्वॉट, डेडलिफ्ट, आठवड्यातून दोनदा, खऱ्याखुऱ्या वजनांनी. ताईंना वजनांची भीती होती, पाय जाड होतील म्हणून. ती जायला महिना लागला.

परत पळणं

निकष चार होते. अंगठ्याने दाबल्यावर हाडावर कुठेही दुखू नये. सलग आठवडाभर अर्धा-पाऊण तास भरभर चालणं विनात्रास व्हावं. डाव्या पायावर दहा उड्या निमूट व्हाव्यात. डावी टाच किमान वीसदा उचलली जावी. चौथ्याला वेळ लागला, जानेवारीच्या शेवटी तो पुरा झाला. पाचवी गोष्ट मी निकष म्हणून लिहिली नव्हती, पण ती सगळ्यांच्या वर होती : ताट बदललेलं असलं पाहिजे.

इथे एक गोष्ट ठासून सांगते, कारण धावणाऱ्यांत तिचा फार गोंधळ आहे. टाचेच्या किंवा गुडघ्याच्या टेंडनचं दुखणं असेल तर थोडं दुखत असताना व्यायाम चालतो, कधी तो तसाच करावा लागतो. हाडाच्या बाबतीत मुभा शून्य आहे. जागेवर नेमकं दुखलं की तो दिवस संपला.

सुरुवात एक मिनिट पळणं, चार मिनिटं चालणं, अशी पाच आवर्तनं, एक दिवसाआड, सपाट जागी. मग दोन-तीन, मग तीन-दोन. आधी वेळ वाढवायची, वेग बराच नंतर, एकाच आठवड्यात दोन्ही कधीच नाही. आठवड्याला दहा टक्के वाढवा असा नियम सगळे सांगतात. त्याला भक्कम पुरावा नाही आणि मी तो पाळायला लावत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगठा काय सांगतो त्यावर पुढची पायरी ठरायची. पावलांची लय मिनिटाला १५८ होती, ती १६८ वर आणली. पाऊल आखूड पडलं की प्रत्येक पावलाचा आघात थोडा कमी होतो. हाडाच्या पेशी सलग भाराला थोड्या वेळात बधिर होतात आणि काही तासांच्या विश्रांतीनंतर पुन्हा प्रतिसाद देतात. म्हणून मार्चपासून एक मोठा रन देण्याऐवजी सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं असं वाटून दिलं.

मार्चच्या मध्याला घसरण झाली. सलग वीस मिनिटं जमायला लागली होती. एका रविवारी ग्रुपबरोबर ताई वेताळ टेकडीवर चालायला म्हणून गेल्या आणि उतारावर सगळे पळायला लागले तशा पळाल्या. सोमवारी अंगठा दाबल्यावर तीच जागा बोलली. दहा दिवस पळणं बंद, परत दोन पायऱ्या मागे. ताईंनी स्वतःहून सोमवारी सकाळी फोन केला, हे मला फार मोलाचं वाटलं. आधीच्या वर्षी त्यांनी कितीतरी दिवस कुणाला सांगितलं नव्हतं.

घरातली बोलणी

ताटात रोज साडेसातशे किलोकॅलरी वाढवायच्या, म्हणजे १,६५० वरून २,४०० वर जायचं. आकडा मोठा वाटतो. प्रत्यक्षात बदल असे झाले : पहाटे निघताना केळं आणि दोन खजूर. तलावावरून आल्या आल्या दुधातलं नाचणीचं सत्त्व, गूळ घालून. डब्यात तीन पोळ्या, तूप लावलेल्या, आणि रोज उसळ किंवा पनीर. चारला शेंगदाण्याची किंवा तिळाची चिक्की. रात्री वरण-भात परत आला. फेरिटिनसाठी जेवणाबरोबरचा चहा तासभर पुढे ढकलला. लोहाच्या आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या होत्याच. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि मोठ्या माणसाची रोजची गरज १,००० मिलिग्रॅम आहे. आपल्या घरात हे सगळं आधीपासून असतं, ते ‘फॅटनिंग’ म्हणून डब्यातून काढून टाकलं जातं.

उपवासाचं बोलणं नाजूक होतं. मी कुणाला उपवास सोडा म्हणत नाही, तो माझा अधिकार नाही. मी एवढंच विचारलं की गुरुवार आणि इंटरव्हल यांची गाठ सोडवता येईल का. त्यांच्या प्रशिक्षक सरांशी बोलून इंटरव्हल मंगळवारी नेले आणि गुरुवार हा हलक्या पोहण्याचा, नाहीतर सुट्टीचा दिवस केला. उपवासाच्या फराळात साबुदाण्याऐवजी भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, रताळं, दही, दूध, दोनदा-तीनदा. उपवास राहिला, उपाशी राहणं संपलं.

नवरात्राचं कोडं सासूबाईंनी सोडवलं. ताईंनी घरी रिपोर्ट दाखवला, हाडाचं सांगितलं, पाळीचंही सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, “अगं, मग उठता-बसता कर की. माझ्या आईने बाळंतपणानंतर तसंच केलं होतं.” पहिल्या आणि शेवटच्या दिवशीचा उपवास. आपल्या परंपरेत तब्येतीसाठी ही सोय पूर्वीपासून आहे, घरातल्या मोठ्या माणसाने ती सुचवली की अपराधी वाटत नाही. मी क्लिनिकमध्ये तासभर बोलून जे झालं नसतं, ते त्या एका वाक्याने झालं.

पाळी एप्रिलमध्ये आली. ताईंचा मेसेज सकाळी सहाला : “मॅडम, आली.” पुढच्या दोन-तीन महिन्यांत ती तीस-बत्तीस दिवसांवर स्थिरावली. वजन साडेपंचावन्न झालं. याच काळात वेगही परत येऊ लागला, ताईंना याचं नवल वाटलं, मला नाही.

शर्यत

नोव्हेंबरच्या शेवटी पुण्याच्या जवळच एक छोटी हौशी शर्यत होती, स्प्रिंट, पोहणं तलावात. तोवर सलग ५ किलोमीटर पळणं कित्येक आठवडे विनात्रास चाललं होतं. नवरात्र नीट पार पडलं होतं. टाचा दोन्हीकडे २६. ब्रिक सराव आम्ही सप्टेंबरमध्ये सुरू केले, सायकलवरून उतरून आधी फक्त पाच मिनिटं, मग दहा, मग वीस. उतरल्यावर पहिली काही मिनिटं पाय स्वतःचे वाटत नाहीत आणि पावलं आपोआप लांब, जड पडतात. तिथेच लय राखायची, हे त्या शिकल्या.

शर्यतीसाठी कागदावर दोनच गोष्टी लिहून दिल्या होत्या. प्रत्येक किलोमीटरनंतर अर्धा मिनिट चालायचं, कितीही छान वाटत असलं तरी. आणि दुखलं तर : पोटरीत ओढल्यासारखं, पसरलेलं असेल तर चाला आणि बघा. एका बोटाने दाखवता येत असेल तर घड्याळ बंद करा आणि बाहेर या. ताईंनी ते वाचून माझ्यासमोर सही केली. मी मागितली नव्हती.

पोहणं २१ मिनिटं. कपडे-बूट बदलायला ४. सायकल ४८. परत बदल ३. तिसऱ्या किलोमीटरच्या सुमारास मी रस्त्याच्या कडेला उभी होते, तिथे ताई एकदम थांबल्या. माझ्या पोटात गोळा आला. त्यांनी डावा पाय फूटपाथच्या कठड्यावर ठेवला, मोजा खाली केला आणि अंगठ्याने नडगीची आतली कडा खालून वर दाबत नेली, अगदी सावकाश, जशी मी वर्षभर नेत होते. बाजूने दोन-तीन जण पुढे निघून गेले. मग मोजा वर केला, मला म्हणाल्या, “पोटरी आहे, हाड नाही,” आणि चालायला लागल्या. दोनशे मीटर चालून परत पळायला लागल्या. पळणं ३६ मिनिटांत झालं, एकूण १ तास ५२ मिनिटं. जुन्या वेळेपेक्षा सात मिनिटं जास्त.

शर्यतीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी तपासलं. हाडावर दुखणं नाही, दहा उड्या ठीक, पोटरी दोन्हीकडे सारखीच कडक, जी शर्यतीनंतर असायचीच. त्या महिन्याची पाळी वेळेवर आली, आणि माझ्या वहीत ती तारीख शर्यतीच्या वेळेच्या वर लिहिलेली आहे.

ताईंना आता ऑलिम्पिक अंतर करायचं आहे, १० किलोमीटरचं पळणं. पुढची डेक्सा जानेवारीत आहे, फेरिटिन आणि ड जीवनसत्त्वही तेव्हाच परत तपासायचं. मणक्याचा आकडा खाली गेला नसेल आणि पाळी तोवर नियमित असेल, तर मार्चपासून पळणं आठवड्याला तीनऐवजी चार दिवस करू. नसेल तर स्प्रिंटच. सरांनाही हे आधीच सांगून ठेवलं आहे, आणि त्यांनी यंदापासून ग्रुपमधल्या सगळ्या बायकांच्या सरावाच्या वहीत पाळीसाठी एक रकाना काढला आहे.